सोवेतकाकांची ओरडणारी गिटार

डोंगरातल्या आमच्या कोचकोर गावच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक लहानशी खोली आहे. तिच्या खिडकीत कवळ्या ओळीनं वाळत ठेवलेल्या असतात. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं की त्या हसल्यासारख्या दिसतात. नवखा माणूस दचकतो, आम्हाला सवय आहे. ही खोली माझ्या काकांची. ते दातांचे डॉक्टर नव्हेत, दात बनवणारे कारागीर. गावात त्यांना सगळे ‘उस्ता’ म्हणतात.

त्यांचं नाव सोवेतबेक. ज्या देशाच्या कौतुकानं आजोबांनी हे नाव ठेवलं, तो देश काका ऐन विशीत असताना मोडला. नाव शाबूत राहिलं. ‘गॅरंटी संपलेली वस्तू आहे,’ ते म्हणतात, ‘चालतंय तोवर चालवायचं.’

गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू काकांच्या हातचं आहे. त्यामुळे मेजवानीला बसले की ते माणसांच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, चावण्याकडे बघतात. कुणी डाव्या बाजूनं घास फिरवला की यांचा हात थांबतो. पण मेजवानीत उठून दुसऱ्याला तोंड उघडायला सांगता येत नाही, म्हणून तसेच चुळबुळत राहतात. केलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या तोंडात निघून जायची, असं त्यांचं आयुष्य. आपल्यापाशी राहील असं काहीतरी त्यांना हवं होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी कळलं ते एवढंच, की बुरुलकाकूंचे बूट आले नाहीत.

काका कवळ्यांचं सामान आणायला राजधानीत, बिश्केकला गेले होते. तिथं दोर्दोयचा बाजार म्हणजे जहाजावरचे लोखंडी डबे एकावर एक रचलेलं गाव आहे. काकूंनी हिवाळ्याचे बूट सांगितले होते. काका परतले ते काळी लांबट पेटी घेऊन.

‘बूट कुठायत?’ काकूंनी विचारलं.

काकांनी पेटी उघडली. आत पिकलेल्या चेरीच्या रंगाची गिटार होती.

‘अस्सं,’ काकू म्हणाल्या. ‘आता बर्फात ही पायात घालून चालू का मी?’

ती विजेवर चालणारी, पण निम्मी पोकळ गिटार होती. पोटात मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा, दोन्ही कुशी रिकाम्या, आणि अंगावर दोन नागमोडी चिरा. अशा गिटारीचा आवाज भरीव गिटारीपेक्षा उबदार येतो. काकांनी तरुणपणी नारीनच्या संस्कृती भवनात अशी गिटार एकदा ऐकली होती आणि ती ऊब ते विसरले नव्हते. अस्सल गिटार त्यांच्या आवाक्यातली नव्हती. ही चिनी होती, स्वस्त होती, आणि स्वस्त वस्तूची सगळी लक्षणं तिच्यात होती. खुंट्या सैल, तारा पेलणारी घोडी तिरकी. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी प्लास्टिकची होती, इतकी ओबडधोबड की खुंटी पिळली की तार ‘टिक्’ करून सुरावरून उडी मारायची.

काकांना मात्र आनंद झाला होता. ‘पेशंट आहे,’ ते म्हणाले. ‘पण वाचेल.’

मग दवाखान्यातली कामं संपली की त्या मागच्या खोलीत गिटारीचे उपचार सुरू झाले. आधी ती प्लास्टिकची पट्टी गेली. हिवाळ्याच्या मांसासाठी कापलेल्या घोड्याच्या नळीचं हाड काकांनी सोडा घालून उकळलं, उन्हात ठेवलं, आणि कवळ्या घासायच्या यंत्रावर त्याची नवी पट्टी घासली. तो आवाज आणि जळक्या हाडाचा वास बाहेरच्या बाकापर्यंत गेला. बाकावर बसलेली एक बाई गाल दाबत उठली आणि दुखणं बरं झालं असं सांगून घरी गेली.

तारांखालच्या चुंबकाच्या डब्या शिट्टी मारायच्या, त्या काकांनी कवळ्यांच्या मेणात बुडवून काढल्या. एक भोक चुकीच्या जागी पडलं होतं, ते कवळीच्या हिरडीसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्यानं बुजवलं. लाल अंगावर तो गुलाबी ठिपका अजून दिसतो. आवाजाची बटणंही त्यांनी स्वतः ओतली, दाढांच्या पांढऱ्या रंगात. सगळ्यात अवघड काम होतं आतल्या वायरींचं. निम्म्या पोकळ गिटारीला मागे झाकण नसतं. जे काही आत घालायचं ते त्या नागमोडी चिरेतूनच. शहरातले लोक म्हणे या कामाला रडतात. काका दात बघायचा लहान आरसा आत सरकवून, लांब चिमट्यानं, शीळ घालत ते करायचे.

‘तोंड उघडं ठेव,’ ते तिला म्हणायचे. ‘दुखणार नाही.’

बरी झालेली गिटार घेऊन काका लग्नांत वाजवायला लागले. आमच्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये आवाजाला मर्यादा नसते. माणसाच्या छातीत स्पीकर वाजला नाही तर वरपक्षाला वाटतं, यजमानांनी हात आखडता घेतला. आणि इथंच त्या पोकळ कुशींनी दगा दिला. पोस्टातल्या मिर्लानच्या मुलीच्या लग्नात, नवरानवरी पहिल्यांदा नाचायला उभे राहिले तेव्हा, काकांनी एक लांब सूर वाजवला आणि तो थांबेचना. स्पीकरचा आवाज गिटारीच्या पोटात शिरला, तिथून पुन्हा तारांवर, तारांतून पुन्हा स्पीकरमध्ये. हूऊऊऊ करत तो वाढत गेला. काकांनी घाईघाईनं तारांवर तळवा दाबला. हॉल चिडीचूप झाला.

समारंभाचं सूत्रसंचालन करणारा कासिमाली काकांचा वर्गमित्र. त्यानं माईक तोंडाशी नेला. ‘पाहुणे हो, घाबरू नका. मेंढ्या आत घेतल्यात.’

सगळा हॉल हसला. काकाही हसले, पण ओठ मिटून. त्यानंतर आमच्या गल्लीतली पोरं काकांना बघून लांडग्यासारखी ओरडायची. आणि कासिमालीनं एकदा चहा पिता पिता सहज सांगून टाकलं, ‘उस्ता, राग मानू नकोस, पण पुढच्या लग्नाला मी पेन ड्राइव्ह आणतो. पेन ड्राइव्ह कोल्हेकुई करत नाही.’

काका चहा अर्धाच टाकून उठले. घरी आले आणि काकूंच्या टोपलीतून नमद्याच्या कातरणी उचलल्या. काकू लोकर थापून नक्षीदार नमदे, म्हणजे जाड सतरंज्या, करतात. लाल, काळ्या, हिरव्या कातरणी त्यांच्याकडे ढिगानं असतात. त्या काकांनी चिमट्यानं एकेक करून गिटारीच्या कुशीत भरल्या. आधी इतक्या भरल्या की गिटार रजईतून बोलल्यासारखी वाजू लागली. मग थोड्या काढल्या. मग पुन्हा घातल्या. पूर्ण हिवाळा हे चाललं. वसंतात कधीतरी तिचं ओरडणं थांबलं, ताप उतरावा तसं, आणि काकांनी आपल्या कपाळावरचा घाम पुसला.

आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ती त्यानंतर पहिल्यांदा चारचौघांत वाजली. घर, अंगण, अंगणातला तंबू, सगळं नातेवाइकांनी भरलं होतं. टोकमोकहून आत्या आली होती आणि बिश्केकहून तिची मुलगी पेरिझात. पेरिझात तिथल्या संगीत शाळेत मुलांना शिकवते आणि मैत्रिणींबरोबर गिटार वाजवते, तीही दरवेळी कुणाकडून तरी मागून आणलेली. काकांनी आजीच्या आवडीची जुनी गाणी वाजवली. स्पीकर खणखणीत होता, तरी गिटार एकदाही घसरली नाही. शेवटचा सूर काकांनी मुद्दाम लांबवला, आणि तो हळूच, शहाण्यासारखा विझला.

कासिमाली उठून उभा राहिला. ‘अरे, लांडगा माणसाळला की!’

टाळ्या पडल्या. काकांचे कान लाल झाले होते. गालिच्यावर बसलेले म्हातारे आता त्यांच्या मागे लागले. ‘उस्ता, भाची आलीय एवढ्या लांबून. मामानं काही दिलं की नाही?’

आमच्याकडे भाचरानं मामाच्या घरातलं काही मागितलं तर मामानं नाही म्हणायचं नसतं. म्हणून शहाणा मामा कधीही मोकळं विचारत नाही. तो आधीच म्हणतो, ‘कोकरू घेशील की मेंढी?’ म्हणजे भाचरू त्या दोहोंतच अडकतं. कोचकोरमधल्या शेंबड्या मामालाही हे कळतं. पण काकांच्या कानांत अजून टाळ्या होत्या.

‘माग,’ ते पेरिझातला म्हणाले. ‘जे हवं ते माग.’

काकूंनी हातातली चहाची वाटी खाली ठेवली. तंबूबाहेर करड्या रंगाचं शिंगरू बांधलेलं होतं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

पेरिझात शिंगराकडे बघत नव्हती. ‘मामा, ती गिटार द्या.’

कुणीतरी खोकलं. आत्यानं मुलीच्या दंडाला चिमटा काढला, पण शब्द निघून गेला होता. काकांनी गिटार छातीशी धरली होती, तशीच धरून ते आजीकडे बघू लागले. आजी त्यांनीच केलेल्या दातांनी शांतपणे मांस चावत होती.

‘तू विचारलंस, तिनं सांगितलं,’ आजी म्हणाली. ‘आता जेवा. गार होतंय.’

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना युक्ती सुचली. ते पेरिझातला म्हणाले, ‘द्यायची आहेच. पण बेटा, दुसऱ्याचे दात तुझ्या तोंडात बसतील का? तशी गिटारही बसवून द्यावी लागते. माझी बोटं जाड, तुझी बारीक. थांब थोडे दिवस.’

पेरिझातला सुट्टी होती. ती थांबली. काका बसवून देईनात. दवाखान्यात फार काम आहे, म्हणायचे. हवा दमट आहे, लाकूड फुगलंय, म्हणायचे. कोचकोरला वारा इतका कोरडा असतो की ओठ फुटतात.

‘सगळ्यांचे दात असे दिले असते ना,’ काकू म्हणाल्या, ‘तर गाव उपाशी मेलं असतं.’

मग काकांनी शिंगराचा विषय काढला. ‘त्याची आई शर्यतीतली आहे. चाल बघ त्याची.’

‘मामा, मी पाचव्या मजल्यावर राहते.’

‘लिफ्ट असेल ना?’

‘आहे. पण त्यात शेजारीण तिच्या कुत्र्यालाही चढू देत नाही.’

मग त्यांनी मला गाठलं. ‘तू तिच्या बरोबरीची आहेस. तिला सांग, ही फार जड आहे. खांदा दुखतो.’

‘काका, मी भावाची मुलगी,’ मी म्हटलं. ‘या भानगडीत मला काही मागताही येत नाही आणि नाही म्हणताही येत नाही.’

‘खरंय,’ काका म्हणाले. ‘तू सगळ्यात गुणी.’

शेवटी पेरिझातच एका दुपारी गोठ्याशेजारच्या, काका वाजवायला बसत त्या खोलीत आली आणि म्हणाली, ‘निदान वाजवून तरी बघू द्या.’ काकांना नाही म्हणता येईना. तिनं पट्टा खांद्यावर घेतला, जुन्या स्पीकरची तार जोडली आणि वाजवू लागली. ती काकांपेक्षा कमी सूर वाजवत होती, पण मधल्या रिकाम्या जागा जपून सोडत होती. काका दाराला टेकून तिच्या बोटांकडे बघत होते, लोकांच्या चावण्याकडे बघतात तसेच. मग तिनं आवाज वाढवला आणि वळून स्पीकरच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. वाट बघितली. काहीच झालं नाही.

‘मामा, ही गप्प का?’

‘बरी झालीय.’

‘आत काय भरलंय?’

‘नमदा,’ काका अभिमानानं म्हणाले. ‘तुझ्या मामीच्या हातचा.’

‘काढा तो.’

काकांना वाटलं ती थट्टा करतेय. ‘काढला तर ओरडेल.’

‘म्हणूनच. मला ती त्यासाठीच हवीय. मिर्लानकाकांच्या मुलीच्या लग्नात मीही आले होते. ती ओरडली तेव्हा सगळे हसले. मी हसले नव्हते. तुम्ही बोट उचललं होतं तरी सूर राहिला होता, मामा. तुम्ही नुसतं स्पीकरपुढून जरा सरकायला हवं होतं. तुम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवलात.’

काका लाल झाले. ‘पूर्ण हिवाळा गेला माझा त्यात.’

‘माहीत आहे.’

‘अब्रू गेली माझी त्या आवाजानं. पोरं ओरडतात मला बघून.’

पेरिझातनं गिटार अलगद पेटीत ठेवली आणि ती बाहेर गेली.  त्या रात्री जेवताना काकांनी मीठ मागितलं, तेही बोटानं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला त्यांचा डबा घेऊन दवाखान्यात पाठवलं. बाकावर दोघंतिघं बसली होती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी आत डोकावले तर टेबलावरच्या दिव्याखाली गिटार आडवी होती आणि काका आरसा लावून, चिमट्यानं, तिच्या पोटातून कातरणी ओढून काढत होते. लाल, काळी, पुन्हा लाल. दातांच्या तबकात त्यांचा ढीग झाला होता.

‘ठेव तिथं,’ ते डब्याबद्दल म्हणाले. ‘दार लाव.’

शेवटची कातरण निघाल्यावर त्यांनी कोपऱ्यातला लहान स्पीकर जोडला आणि एक सूर वाजवला. थोडा वेळ तो नुसता राहिला. मग कुशींतून वर आला, हूऊऊ करत, आणि खिडकीतल्या कवळ्या थरथरल्या. काकांचा तळवा सवयीनं तारांकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी खांदा किंचित वळवला. सूर बारीक झाला. पुन्हा वळवला, तो जाड झाला. एक पाऊल मागे सरकले, तेव्हा तो लांब कुठंतरी, खिंडीपलीकडे गेल्यासारखा झाला, पण तुटला नाही. काकांचा हात कुठल्याच तारेवर नव्हता. ते नुसते उभे राहून, अंग हलवून, त्याला फिरवत होते, वाऱ्याकडे पाठ करून माणूस काडी पेटवतो तसे जपून.

दार उघडलं. नर्स म्हणाली, ‘उस्ता, आत कुणाचा दात उपटताय? बाहेरची माणसं पळतायत.’

‘पळू देत,’ काका म्हणाले. इतकं तरुण हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. आणि लगेच ते हसू उतरलंही, कारण नर्सच्या मागे पेरिझात उभी होती.

ती आत आली. तिनं तबकातला ढीग बघितला, मग काकांकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं हे दिसत होतं. काकांनी पट्टा खांद्यावरून काढला नाही. मला वाटतं, ती गिटार त्यांना आजवर कधी हवी नव्हती इतकी त्या क्षणी हवी होती.

पेरिझात हळू आवाजात म्हणाली, ‘मामा, ठेवा तुम्ही. मी आजीला सांगते, मला नको झाली. शिंगरू घेते. ते इथंच राहील, कुणाला काही वाटणार नाही.’

सुटायचा रस्ता तिनंच दाखवला होता, आणि सरळ होता. काकांनी वाकून स्पीकर बंद केला. बाहेर बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं.

‘तू मला सरकायला सांगितलंस,’ ते म्हणाले. ‘नाहीतर मी आयुष्यभर हात ठेवला असता.’

‘म्हणून काय झालं?’

‘म्हणून काही नाही.’ त्यांनी पट्टा डोक्यावरून काढला आणि गिटार टेबलावर आडवी ठेवली. ‘डावा हात दे इकडं. बोटं पसर. अशी नाही, वाजवताना धरतेस तशी.’

तिनं हात पुढे केला. काकांनी मोजमापाची पट्टी तिच्या बोटांवर धरली, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि स्वतःशीच पुटपुटले, ‘माझ्या खाचा हिला फार लांब लांब पडतील.’ मग ड्रॉवर उघडून घोड्याच्या हाडाचा उरलेला तुकडा काढला. पेरिझात काही बोलणार होती. काकांनी यंत्र सुरू केलं, त्या आवाजात ते राहून गेलं. हाडाची पांढरी पूड त्यांच्या भुवयांवर बसू लागली. ते मध्येच थांबायचे, तिचं बोट पुन्हा मागायचे, पुन्हा घासायचे. तिनं एकदा तोंड फिरवून डोळे पुसले. काकांनी विचारलं, ‘डोळ्यात पूड गेली का?’ ती म्हणाली, ‘हो.’

तेवढ्यात बाकावरचा म्हातारा दारात येऊन उभा राहिला. त्याचे गाल आत गेलेले होते.

‘उस्ता, माझे दात आज देणार होतास ना?’

‘उद्या,’ काका मान वर न करता म्हणाले.

‘आज आमच्याकडे मेंढी कापलीय रे!’

‘रस्सा पी, बाबा. भाचीचं काम चाललंय.’

म्हाताऱ्यानं आत डोकावून टेबलावरची लाल गिटार बघितली, पेरिझातला बघितलं, आणि टोपी सरळ करत म्हणाला, ‘अरे, मग आधी नाही का सांगायचं.’ आणि तो घरी रस्सा प्यायला गेला.